नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या आपल्याकडच्या अनेक मुलांना शाळेतच भेटते. वर्गातला एखादा हुशार मुलगा किंवा सुट्टीत आलेला मामा वहीच्या मागच्या पानावर आकडे एकाखाली एक लिहून दाखवतो: अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा १२३२१, अकराशे अकराचा १२३४३२१. असं करत तो नऊ एकांपाशी येऊन थांबतो. १११११११११ या संख्येला तिनंच गुणलं की एकापासून नऊपर्यंत चढणारे आणि पुन्हा एकापर्यंत उतरणारे अंक मिळतात. पाहणारा ‘वा!’ म्हणतो, आणि विषय तिथंच मिटतो.

या पुस्तिकेचा विषय तिथून सुरू होतो. मामा नऊ एकांपाशीच का थांबला? दहा एक घेतले असते तर काय झालं असतं? ही नक्षी त्या संख्येची की आपल्या लिहिण्याच्या पद्धतीची? एकाच संख्येवर अख्खी पुस्तिका कशासाठी, असं विचारणाऱ्याला माझं उत्तर असं आहे: अंकांची नक्षी ही वरवरची गोष्ट आणि संख्येचे अवयव, विभाजक, बाक्या ही आतली, असा जो भेद आपण सहज करतो, तो या संख्येपाशी टिकत नाही. नक्षीचं कारण शोधायला निघालं की माणूस आपोआप आत जाऊन पोहोचतो. मला हा प्रवास अतिशय आवडतो, आणि त्याला सातवीच्या गणितापलीकडचं फारसं काही लागत नाही.

आधी तिच्या आकाराबद्दल. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या लीलावतीत एक, दश, शत यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. आपल्या संख्येचा पहिला एक त्यातल्या सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानावर बसतो आणि परार्धाचं एकच घर रिकामं राहतं. मधला नऊ येतो अर्बुदाच्या स्थानावर. आजच्या बोलीत सांगायचं तर ही संख्या सुमारे एकशे तेवीस कोटी कोटी होते. सेकंदाला एक या वेगानं मोजायला बसलं तर तिथवर पोहोचायला सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील.

तरीही ती कागदावर सहज मावते, आणि संगणकापेक्षा कागदावरच जास्त सुरक्षित असते. हे मी गमतीनं म्हणत नाही. संगणकावरच्या नेहमीच्या हिशेबाच्या तक्त्यात, म्हणजे एक्सेलमध्ये, ही संख्या टाकून पाहा. तिथं फक्त पहिले पंधरा अंक राखले जातात, त्यामुळे शेवटचे दोन अंक शून्य होऊन १२३४५६७८९८७६५४३०० अशी संख्या उरते. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत १११११११११ चा वर्ग करायला सांगितला तर उत्तर १२३४५६७८९८७६५४३२० येतं. शेवटचा एक गळून पडतो. याचं कारण असं की संगणक साधारणपणे संख्या साठवताना ५३ द्विमान अंकांची जागा देतो. दोनाचा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. इथवर प्रत्येक पूर्णांक नेमका साठवता येतो. त्यापुढं, दोनाच्या ५४ व्या घातापर्यंत, फक्त सम संख्यांना जागा मिळते, आणि आपली संख्या त्या पट्ट्यात पडते आणि विषम आहे. दोन विषम संख्यांचा गुणाकार शून्यावर संपूच शकत नाही, हे पाचवीतल्या मुलालाही कळतं. यंत्राचं उत्तर चूक आहे हे त्या मुलाला एका नजरेत दिसावं, एवढी ओळख या पुस्तिकेतून झाली तरी पुष्कळ झालं.

आता गुणाकार. शाळेत शिकवतात तसा उभा मांडा. आधी लहान उदाहरण घेऊ: १११ ला १११ नं गुणायचं. गुणकातला प्रत्येक अंक एक असल्यामुळे पाढा म्हणावाच लागत नाही; तीच संख्या तीनदा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडं सरकवून.

१११
१११०
१११००

उजवीकडून उभ्या बेरजा घ्या. पहिल्या स्तंभात एकच एक आहे. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा दोन आणि पाचव्यात एक. म्हणून १२३२१. इथं गुणाकार म्हणजे निव्वळ मोजणी आहे: कोणत्या स्तंभात किती एक आले एवढंच आपण लिहितो. नऊ एकांच्या बाबतीत ओळी नऊ होतात, मधल्या स्तंभात नऊ एक जमतात आणि दोन्ही बाजूंना ते एकेकानं कमी होत जातात. सगळ्यात उंच स्तंभाची बेरीज नऊ, आणि नऊ हा एका घरात मावणारा सर्वांत मोठा अंक. त्यामुळे अख्ख्या गुणाकारात एकदाही हातचा येत नाही. नक्षीचं मूळ एवढंच.

दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते आणि पहिल्यांदा हातचा येतो. उजवीकडचे नऊ स्तंभ सुखरूप राहतात. ९८७६५४३२१ हे शेपूट तसंच्या तसं उतरतं. दहाव्या स्तंभात दहा: शून्य लिहायचं, हातचा एक. अकराव्यात नऊ होते, त्यात एक मिळून दहा: पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. बाराव्यात आठ होते, त्यांचे नऊ झाले आणि हातचा तिथं संपला. पुढं सात, सहा, पाच असे उतरत जातात. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. नक्षी मोडली, पण कशीही मोडली नाही. डाव्या बाजूला सातानंतर एकदम नऊ आला आणि आठ नाहीसा झाला. हा नाहीसा झालेला आठ लक्षात ठेवावा. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात बोलकं ठिकाण तेच आहे.

१११११११११ ला नवानं भागा. भाग बरोबर जातो आणि उत्तर येतं १२३४५६७९. इथंही आठ नाही. कोड्यांच्या पुस्तकांत ही संख्या नेहमी भेटते. नवाच्या पाढ्यातल्या ९ पासून ८१ पर्यंतच्या कोणत्याही संख्येनं तिला गुणलं की एकाच अंकाची माळ मिळते, हे अनेकांना पाठ असतं. पण आठ कुठं गेला, हे त्या पुस्तकांत सहसा सांगितलेलं नसतं. ते पाहायचं तर ८१ नं एकाला भागावं. दशांशात उत्तर येतं ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…, तेच नऊ अंक अखंड फिरत राहतात. एक भागिले एक्याऐंशी म्हणजे एक नवमांशाचा वर्ग, आणि एक नवमांश म्हणजे ०.११११११… असे न संपणारे एक. म्हणजे हा पुन्हा एकांचाच वर्ग झाला. फरक इतकाच की या वेळी एक संपत नाहीत. स्तंभांच्या बेरजा एक, दोन, तीन करत नवाच्या पुढं दहा, अकरा, बारा अशा वाढतच जातात. दहाचा हातचा नवावर पडतो, त्याचे दहा होतात, त्याचा हातचा आठावर पडतो आणि आठाचा नऊ होतो. दहा एकांच्या वर्गात जे झालं तेच इथं झालं. १२३४५६७९ मधला गळालेला आठ आणि मामानं नऊ एकांपाशी थांबण्याचं कारण, दोन्ही एकाच हातच्यात आहेत.

आपल्या या संख्येला आणि तिच्या आठ धाकट्या भावंडांना एक नाव आहे, आणि ते नाव मध्य रेल्वेच्या प्रवाशांच्या ओळखीचं निघेल. त्यांना डेमलो संख्या म्हणतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या डेमलो म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी स्थानकाचंच नाव संख्यांना दिलं. कापरेकरांची व्याख्या अशी: संख्येचे तीन तुकडे पाडायचे, डावा आणि उजवा तुकडा यांची बेरीज केली की एकच अंक पुन्हा पुन्हा यावा, आणि तोच अंक मधल्या तुकड्यात असावा. आपल्या संख्येत डावीकडं १२३४५६७८, उजवीकडं ८७६५४३२१ आणि मध्ये ९. बेरीज ९९९९९९९९. एकांच्या वर्गातून येणाऱ्या अशा संख्यांना त्यांनी ‘अद्भुत’ हे विशेषण लावलं, आणि १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला.

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. वडील कारकून आणि ज्योतिषाचे नादी. आकडेमोडीची गोडी घरातूनच लागली. शिक्षण ठाण्याला आणि पुढं पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. तिथं १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक त्यांना मिळालं. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात पद नाही. शोध लागला की लहान पुस्तिका स्वतः छापायची, परिषदेला जायचं, मांडायचं. ६१७४ या त्यांच्या सुप्रसिद्ध स्थिरांकाबद्दल इथं लिहीत नाही, कारण मराठीत त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांच्या कामाची ओळख करून दिली, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. त्याआधीची कित्येक वर्षं आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांचं काम क्षुल्लक मानलं होतं. ही गोष्ट मला आजही खुपते. त्यांच्या कामात सगळंच खोल होतं असं माझं म्हणणं नाही. पण ज्या दारातून ते आत जाऊ पाहत होते ते दार खरं होतं, हे दाखवणं मला अगत्याचं वाटतं.

तसं पाहिलं तर ते दार कापरेकरांच्या हजारएक वर्षं आधी उघडलेलं होतं. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन गणितज्ञानं ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात गुणाकाराची उदाहरणं देताना त्यांनी ज्यांची उत्तरं गळ्यातल्या हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात अशा संख्या मुद्दाम निवडल्या. १५२२०७ ला ७३ नं गुणा, आठ एक मिळतात. आणि २७९९४६८१ ला ४४१ नं गुणा: उत्तर १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत जाऊन परत येणारी ही संख्या म्हणजे आपल्या संख्येची सहा एकांची बहीण. त्या गुण्य-गुणकाकडं जरा थांबून पाहावं. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे बरोबर सहा एक: १११११‌१. महावीराचार्यांनी विद्यार्थ्याला कोणतेही दोन अवयव दिले नाहीत. दोन पूर्ण वर्ग दिले. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. सहा एकांचे अवयव पाडून, त्यांचे दोन गट करून, प्रत्येक गटाचा वर्ग घेतल्याखेरीज असं उदाहरण हाती लागत नाही. विद्यार्थ्याला हार दिसावा म्हणून गुरूनं आधी हाराचे मणी सुटे करून पाहिले होते.

आता आक्षेपाकडं येतो. इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० साली आपल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात अशाच काही संख्यांची उदाहरणं दिली: ८७१२ आणि ९८०१ या चार अंकी संख्या आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत असतात. आणि त्यांनी निकाल दिला की ही तथ्यं कोड्यांच्या सदरात शोभतील, हौशी लोकांचं मनोरंजन करतील, पण गणितज्ञाला त्यात घेण्यासारखं फार काही नाही. रामानुजनला ओळखणाऱ्या माणसाचा हा निकाल आहे, तेव्हा तो झटकून टाकता येत नाही. त्यातला बरोबर भाग असा: अंक हे संख्येचं स्वतःचं अंग नाही. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून ही संख्या मागून-पुढून सारखी दिसते. आठाच्या पटीत मोजणाऱ्या समाजात ती तशी दिसणार नाही. तिथं सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा दिसेल आणि तिथला मामा सातापाशी थांबेल. सोळाच्या पटीत मोजणारा पंधरा एकांपर्यंत जाईल. उलट, ही संख्या पूर्ण वर्ग आहे आणि तिला एकूण ४५ विभाजक आहेत, हे मात्र कोणत्याही पद्धतीनं लिहिलं तरी बदलत नाही.

मग अंकांची नक्षी सोडून अवयवांकडंच वळू. नऊ एक म्हणजे १११ गुणिले १००१००१. एकशे अकरा म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. ३७ आणि ३३३६६७ दोन्ही मूळ संख्या आहेत. म्हणून नऊ एक म्हणजे ३ चा वर्ग गुणिले ३७ गुणिले ३३३६६७, आणि आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. एवढ्या अजस्र संख्येच्या पोटात फक्त तीन वेगवेगळ्या मूळ संख्या निघतात.

या तिघींनी एकाला भागून पाहा. एक भागिले ३ म्हणजे ०.३३३…, इथं एकच अंक फिरतो. एक भागिले ३७ म्हणजे ०.०२७०२७…, इथं तीन अंक फिरतात. एक भागिले ३३३६६७ म्हणजे ०.०००००२९९७०००००२९९७…, इथं नऊ. एक, तीन, नऊ. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला वाटतं की कुणीतरी जुळवून आणलं आहे. खरी गोष्ट त्याहून पुढची आहे. जिच्या भागाकारात एकच अंक फिरतो अशी मूळ संख्या फक्त तीन. तीन अंक फिरवणारी मूळ संख्या फक्त सदतीस. आणि नऊ अंक फिरवणारी मूळ संख्या, अनंत मूळ संख्यांमध्ये, फक्त ३३३६६७.

‘अनंतांमध्ये एकच’ असं विधान छातीठोकपणे कसं करता येतं? उत्तर चार ओळींचं आहे. एखाद्या मूळ संख्येनं एकाला भागताना नऊ अंक फिरत असतील, तर त्या संख्येनं ९९९९९९९९९ ला, म्हणजे नऊ नवांना, निःशेष भाग जायलाच हवा. नवव्या पायरीला बाकी पुन्हा एक येते, याचा अर्थच तो आहे. नऊ नऊ म्हणजे नऊ एकांची नऊपट, आणि त्यांचे मूळ अवयव आपण आत्ताच पाहिले: ३, ३७, ३३३६६७. चौथा उमेदवारच नाही. तीन आणि सदतीस यांची आवर्तनं आधीच वेगळ्या लांबीची निघाली, म्हणून नवाच्या लांबीला एकच उरते. गाउस यांनी १८०१ च्या आपल्या ग्रंथात दशांश आवर्तनांचा जो पद्धतशीर विचार केला आहे, त्याचंच हे एक छोटंसं उदाहरण.

हार्डींना द्यायचं उत्तर मला इथं सापडतं. आपण नक्षी बाजूला ठेवून संख्येच्या पोटात शिरलो, आणि तिथं काय मिळालं तर दहा या पायाशी घट्ट बांधलेल्या तीन मूळ संख्या. ३३३६६७ ला आठाच्या पद्धतीत काहीच विशेष स्थान नाही. दहाच्या पद्धतीत तिच्यासारखी दुसरी नाही. एकांची माळ लिहिणं ही लिहिण्याची गोष्ट, दहाच्या घातातून एक वजा करून त्याचे अवयव पाडणं ही संख्यासिद्धांताची गोष्ट, आणि या दोन्ही एकच आहेत, कारण नऊ एक म्हणजे दहाच्या नवव्या घातातून एक वजा करून नवानं भागणं. ८७१२ च्या तथ्यामागं असं काही आहे की नाही हा वेगळा प्रश्न. आपल्या संख्येमागं आहे.

याच धाग्यानं आणखी एक गाठ सुटते. कापरेकरांनी ज्या संख्येला आपल्या अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जातो तिला हर्षद संख्या म्हटलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे डेमलोही आणि हर्षदही. पण नऊ डेमलो भावंडांपैकी हर्षद किती? १२१ च्या अंकांची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ ची ९, भाग जातो. १२३४३२१ ची १६, जात नाही. सगळ्या तपासल्या तर पहिल्या नवांत फक्त तीन हर्षद निघतात: एक एकाची, तीन एकांची आणि नऊ एकांची. पुन्हा एक, तीन, नऊ. कारण असं: हातचा आलेला नसल्यामुळे अंकांची बेरीज म्हणजे एकांच्या संख्येचा वर्ग होतो. तेव्हा प्रश्न उरतो तो इतकाच की जितके एक आहेत, तितक्यानं त्या एकांच्या माळेला भाग जातो का. दोन, चार, सहा, आठ बाद, कारण एकावर संपणारी संख्या विषम असते. पाच बाद, कारण तिच्या शेवटी शून्य किंवा पाच नाही. सातानं सहा एकांना भाग जातो, म्हणून सात एकांना भागल्यावर एक बाकी उरते. राहिले एक, तीन आणि नऊ. दहाव्यापासून हातच्यामुळं अंकांच्या बेरजेचं हे गणित बदलतं, म्हणून ते प्रकरण पुस्तिकेत वेगळं ठेवलं आहे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडणारा गुणधर्म अजून सांगायचा आहे. जुने कारकून गुणाकाराचा ताळा पाहायला अंकांची बेरीज करून नवाशी ताडत. एकेक अंक घेण्याऐवजी उजवीकडून नऊ-नऊ अंकांचे गठ्ठे घेतले, तर तोच ताळा ९९९९९९९९९ चा होतो. आपल्या संख्येचे असे दोन गठ्ठे पडतात: उजवीकडं ९८७६५४३२१, डावीकडं उरलेले १२३४५६७८. त्यांची बेरीज करा. ९९९९९९९९९. म्हणजे आपल्या संख्येला नऊ नवांनी निःशेष भाग जातो, आणि भागाकार येतो १२३४५६७९, तीच आठ नसलेली संख्या. उलट दिशेनं पाहिलं तर हे डोळ्यांना लगेच पटतं. १२३४५६७९ लिहा, पुढं नऊ शून्यं द्या, आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा. डावीकडं शेवटचा नऊ एकानं कमी होऊन आठ होतो. गेलेला आठ परत येतो. उजवीकडं १०००००००००मधून १२३४५६७९ गेले की ९८७६५४३२१ उरतात. सतरा अंकांची सगळी नक्षी एका वजाबाकीत उभी राहते, आणि चढत्या बाजूला उतरती बाजू का जोडलेली असते तेही दिसतं: उतरती बाजू ही चढतीचीच, दहाच्या नवव्या घातातून केलेली वजाबाकी आहे.

नऊ एकांबद्दल जवळजवळ सगळं असं एका पानात मांडता येतं. एकांच्या माळेबद्दल सर्वसाधारणपणे मात्र तसं नाही. एकाहून जास्त एकांची माळ पूर्ण वर्ग कधीच नसते, हे सोपं आहे: अकरावर संपणाऱ्या संख्येला चारानं भागलं की तीन उरतात, आणि वर्गाला चारानं भागलं की शून्य किंवा एकच उरतो. पण अशी माळ मूळ संख्या कधी असते? दोन एकांची, म्हणजे अकरा, आहे. त्यानंतर थेट १९ एकांची, मग २३, मग ३१७, मग १०३१ एकांची. अशा माळा अनंत आहेत की कुठंतरी संपतात, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

पुढची प्रकरणं वाचताना चौकटींची वही जवळ ठेवावी; एकेका घरात एकेक अंक लिहिला की हातचा कुठं जन्मतो ते बोटानं दाखवता येतं. गणकयंत्र वापरायला हरकत नाही, फक्त त्याच्या पडद्यावर किती अंक मावतात ते आधी पाहून घ्यावं. अवयवांचं प्रकरण जड गेलं तर ते सोडून आठाच्या पद्धतीतल्या मोजणीचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. शिक्षकांनी वर्गात सुरुवात दहा एकांच्या वर्गापासून करावी, असं मी सुचवीन. मुलांना नऊ एकांचं उत्तर आधीच माहीत असतं. दहाव्याचं उत्तर ती अंदाजानं सांगतात, मग गुणाकार करून पाहतात, आणि मग ‘का’ असा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.